माफीनाम्यानंतरचा दासबोध

दासबोध हे काव्य की केवळ ओवीबद्ध उपदेश, हा वाद मराठी समीक्षेत जुना आहे. अलंकारांची समृद्धी आणि प्रतिमांची नवता हे निकष लावल्यास समर्थांच्या ओवीचा पुष्कळसा भाग काव्याच्या उंबरठ्याबाहेर राहतो. परंतु काव्याची परीक्षा त्याच्या अंतरंगावरून होते, तशी ते एखाद्या खचलेल्या मनात काय घडवून आणते यावरूनही करता येते. या दुसऱ्या परीक्षेस उपयोगी पडणारे एक उदाहरण महाराष्ट्राबाहेर, छत्तीसगडातील रायपूर येथे आढळते. ते माधवराव सप्रे यांचे.

सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर असे हिंदी प्रदेशात. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. तो काळ मध्यप्रांतातील भीषण दुष्काळाचा होता. जेथे अन्नाचीच वानवा, तेथे मासिकाला वर्गणीदार कोठून मिळावेत? तीन वर्षे तग धरून ते १९०२ च्या अखेरीस बंद पडले. सप्र्यांनी हार मानली नाही. नागपुरास येऊन १९०७ मध्ये त्यांनी 'हिंदी केसरी' सुरू केला आणि टिळकांचा राजकीय विचार हिंदी वाचकांपुढे मांडला.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने राजद्रोहाच्या कलमाखाली सप्र्यांना अटक झाली. यापुढचा प्रसंग त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद होय. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे ते नमले, सरकारास माफी लिहून दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सुटले. टिळक मंडालेच्या तुरुंगात आणि त्यांच्या विचाराचा प्रसारक मात्र मोकळा, हा विरोध कोणत्याही स्वाभिमानी पुरुषाला असह्य व्हावा असाच होता. गुरूने भोगलेली शिक्षा शिष्याने टाळली, ही बोच दुसऱ्या कोणी बोलून दाखविण्याची आवश्यकता नव्हती.

या अवस्थेत सप्र्यांनी स्वतःचे समर्थन मांडले नाही. सार्वजनिक जीवनातून निवृत्त होऊन ते वर्ध्याजवळील हनुमानगढ येथे रामदासी सत्पुरुष श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात राहिले. तेथे मधुकरी मागून दासबोधाची पारायणे करणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. पुढे रायपुरात त्यांनी रामदासी मठ स्थापन केला आणि दासबोध हिंदीत आणला.

अशा मनाला दासबोधच का मानवावा? सांत्वन हवे असते, तर करुणाष्टकांचा आर्त स्वर जवळ होता. दासबोध सहजासहजी सांत्वन करीत नाही. दुसऱ्या दशकाच्या आरंभीच तो वाचकापुढे मूर्खाची लक्षणे ठेवतो, आणि त्याच दशकाच्या शेवटी शहाण्यासुरत्या पढतमूर्खालाही सोडीत नाही. तिसऱ्या दशकात गर्भवासापासून दारिद्र्य, वार्धक्य आणि त्रिविध तापांपर्यंत माणसाची सारी विटंबना तो निर्विकारपणे मोजून दाखवितो. मात्र तेथेच तो थांबत नाही. बाराव्या दशकातील 'यत्नशिकवण' या समासात सर्व बाजूंनी नाडलेला, दुबळा मनुष्य समोर आहे. त्याला कीव मिळत नाही, काम सांगितले जाते. जखम झाकण्याऐवजी ती धुऊन काढणारे हे काव्य आहे. दोनशे समासांचे पुनःपुन्हा वाचन करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दोषाचे नाव घेता येते, आणि तो दोष म्हणजे आपले सर्वस्व नव्हे, हेही उमगते.

चौदाव्या दशकात समर्थांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार केले आहेत. मनाला येईल ते धीटपणे रचणे आणि पाठांतराच्या जोरावर रचणे, या दोहोंहून प्रासादिक कवित्व त्यांनी श्रेष्ठ मानले. हा भेद वाचकालाही लावून पाहण्यासारखा आहे. पारायण ही वाचनाची 'पाठ' अवस्था होय. अनुवाद करू लागताच ती पुरेनाशी होते. ओवीचा परिचित नाद दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. अर्थ मात्र शब्दाशब्दाला स्वतःच्या अनुभवाने तोलावा लागतो. सप्र्यांच्या बाबतीत व्यथेचे रूपांतर येथे कामात झाले आणि आत्मनिंदेचे लोकोपयोगात.

हे सारे एकट्या काव्याने केले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सत्पुरुषाचा सहवास, एकांत आणि काळ यांचाही त्यात वाटा आहे. तथापि फलावरून वृक्षाची पारख करावयाची, तर पुढील कार्याकडे दृष्टी टाकावी. रायपुरात मुलींची शाळा निघाली. मंडालेच्या बंदिवासात लिहिलेले 'गीतारहस्य' १९१५ मध्ये प्रसिद्ध होताच त्याच्या हिंदी अनुवादाचे काम सप्र्यांनी अंगावर घेऊन पार पाडले. १९०८ मध्ये ज्या कारावासाची सोबत त्यांना करता आली नाही, त्याच कारावासातील ग्रंथाची सोबत त्यांनी पानापानाने केली. माफीनाम्याचे याहून योग्य प्रायश्चित्त कोणते असू शकेल? चिं. वि. वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचा अनुवादही त्यानंतरचा. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे देहावसान झाले.

काव्यानंदाची चर्चा करताना रसिकाच्या तन्मयतेचा, क्षणभर स्वतःला विसरण्याचा विचार प्रामुख्याने होतो. सप्र्यांचा दासबोध या चर्चेला एक वेगळी बाजू जोडतो. त्यांना मिळालेला आनंद विस्मृतीचा नव्हता. जे विसरता येत नाही, ते बरोबर घेऊन पुन्हा उभे राहता येते, या प्रत्ययाचा तो आनंद होता. दासबोध काव्य आहे की नाही, हा वाद पुढेही चालेल. परंतु त्याचा निर्णय करताना रायपूरच्या या वाचकाची साक्ष वगळता येणार नाही.