दादासाहेब मावळंकर : सरकारला जाब विचारणारे वकील

घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर दुसरी भाषा, हे तुम्हाआम्हाला रोजचंच. आज ज्या वकिलांबद्दल सांगणार आहे, त्यांचंही आयुष्य असंच गेलं. गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे दादासाहेब.

घराणं रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म १८८८ साली बडोद्याला. मुंबईत कायदा शिकून १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादला वकिली सुरू केली. तिथल्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष झाले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, तेही गुजरातीत!

१९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे सभापती झाले. १९४६ मध्ये इंग्रजांच्या राज्यातल्या मध्यवर्ती विधिमंडळाचं अध्यक्षपद त्यांनी अवघ्या तीन मतांनी जिंकलं. पुढे १९५२ मध्ये ३९४ विरुद्ध ५५ मतांनी ते स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले सभापती झाले.

पण मला त्यांचं मोठेपण पदांपेक्षा त्यांनी लावलेल्या शिस्तीत दिसतं. मी आयटीतला माणूस. आमच्या मीटिंगमध्ये "करून टाकतो" म्हणणारे पुष्कळ असतात. पुढच्या वेळी कुणी विचारलं नाही, तर काम तसंच पडून राहतं. मंत्र्यांचंही तेच! म्हणून दादासाहेबांच्या काळात, १९५३ मध्ये, आश्वासन समिती नेमली गेली. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, हे ही समिती तपासते. सरकारी खर्चात काटकसर कुठे करता येईल हे पाहणारी अंदाज समिती त्याआधी, १९५० मध्येच सुरू झाली होती.

ते स्वतः काँग्रेसचे, पंतप्रधान नेहरूही काँग्रेसचेच. तरीही संसदेला बाजूला ठेवून ऊठसूट वटहुकूम काढू नयेत, असं त्यांनी नेहरूंना पत्रांतून स्पष्ट बजावलं. अगदीच तातडी असेल तरच वटहुकूम, एरवी कायदा चर्चा करूनच व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

म्हणून सगळे त्यांच्यावर खूश होते असं समजू नका. ते पक्षपात करतात असं विरोधकांना वाटत होतं. १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत आला. त्यावर चर्चा झाली आणि तो फेटाळला गेला. खुद्द सभापतींनाही सभागृहात जाब विचारता येतो, हे मात्र त्या दिवशी देशाने पाहिलं.

१९५६ मध्ये, सभापतिपदावर असतानाच, दादासाहेब गेले. त्या दोन्ही समित्या आजही काम करतात.

आज रात्री जेवताना मुलांना एक प्रश्न विचारा : आपण राहतो त्या देशात मंत्र्याने दिलेला शब्द पाळला की नाही, हे कोण तपासतं? उत्तर आलं नाही, तर दोघं मिळून शोधा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!