सुपारी कोणाच्या हाती? : खानदेशातील कार्यक्रम-निवडीचा दोनशे वर्षांचा प्रवास

१/ धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या एका मित्राचा परवा फोन आला. त्याच्या कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला आहे आणि करमणुकीचा कार्यक्रम ठरविण्याची जबाबदारी त्याच्या समितीवर आहे. ऑर्केस्ट्रा, पुण्याचा विनोदवीर, अहिराणी गाण्यांची पार्टी, डीजे अशी नावे निघाली. एका वृद्ध फिटरने तमाशाचे नाव काढले तेव्हा सारे हसले. "कंपनीची शोभा जाईल," असे एक अधिकारी म्हणाला. मित्राने मला विचारले, "तू इतिहास शिकतोस, तूच सांग, यात शोभा कशी ठरते?" हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर.

२/ आधी एक शब्द पाहू. कलावंत ठरविला की आपण म्हणतो, 'सुपारी दिली'. लेखी करार रूढ होण्यापूर्वी विडा-सुपारी देणे म्हणजे शब्द देणे. लग्न ठरले की सुपारी फुटे आणि फड ठरला की सुपारी दिली जाई. आज या शब्दाला गुन्हेगारीचा वास लागला असला, तरी त्याच्या मुळाशी विश्वासाचा व्यवहार आहे. म्हणून कोणत्याही काळातील करमणुकीचा इतिहास वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : सुपारी कोणाच्या हातात होती?

३/ पेशवाईत ती दरबाराच्या हातात होती. दुसऱ्या बाजीरावाला लावणीची आवड होती. होनाजी बाळा या जोडीतील होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा कारंजकर गाई. ढोलकी-तुणतुण्याच्या फडातली लावणी रागदारीच्या बैठकीत शिरली, यामागे दरबारी श्रोत्यांची आवड होती. कार्यक्रम कोण निवडतो यावरून कलेचे रूपही बदलते, याचे हे एक ठळक उदाहरण.

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. दरबारी बिदागी आटली. मग फडांना आसरा कोणी दिला? मुख्यतः गावांच्या जत्रांनी. १८६५ च्या सुमारास उमाजी बाबू सावळजकर यांनी 'मोहना-बटाव' हा वग रंगविला. तमाशात पूर्ण लांबीचे कथानक रुळले ते तेव्हापासून, असे मानले जाते. गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग हा क्रम पाहिला की लक्षात येते, हा मिश्र श्रोतृवर्गासाठी घडलेला कार्यक्रम आहे. देवाचे नाव, शृंगाराची छेड, गावच्या कारभाऱ्याची थट्टा आणि रात्र सरेपर्यंत पुरेल अशी गोष्ट, सारे एकाच रात्रीत.

५/ जत्रेचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. घरटी वर्गणी गोळा होते, पंच फड ठरवितात आणि मंडपात प्रवेश सर्वांना मोफत असतो. याउलट तंबूचा तमाशा तिकिटावर चालतो. तिथे प्रत्येक प्रेक्षक स्वतःपुरती निवड करतो. पहिल्या प्रकारात काही जण सर्व गावासाठी निवडतात. पाहुण्या फडाने दुसऱ्या दिवशी सकाळी 'हजेरी' लावावी, ही अपेक्षाही त्याच व्यवहाराचा भाग.

६/ आपल्या भागातील मोठे उदाहरण तापीकाठच्या सारंगखेड्याचे. दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यात होते. घोडा पाहायला आलेला शेतकरी रात्री तमाशाच्या तंबूत बसे. अलीकडे या यात्रेला 'चेतक फेस्टिव्हल' असे नवे नाव जोडले गेले. 'यात्रा' हा शब्द 'फेस्टिव्हल' झाला की निवडणारे हातही बदलतात. पंचांच्या शेजारी आयोजक आणि प्रायोजक येऊन बसतात.

७/ दुसरी धारा नाटकाची. गंमत अशी की संगीत नाटक करणाऱ्या मंडळ्यांनाही लोक 'कंपनी'च म्हणत. त्या काळातील सर्वांत लाडके नाव नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (जन्म १८८८). बालपणी त्यांचे वास्तव्य जळगावात होते. शहरातील खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव वसंतराव चांदोरकर यांच्या स्मृतिप्रतिष्ठानातर्फे गेली वीसहून अधिक वर्षे जळगावात होतो.

८/ १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी उभी केली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या, त्या टिळक स्वराज्य फंडासाठी. प्रसंगाचे प्रयोजन स्पष्ट असेल तर कलावंतांची निवडही कशी नेमकी होते, ते इथे दिसते.

९/ प्रयोजनाचे भान असणारे आणखीही होते. सत्यशोधकांनी आपला विचार सांगण्यासाठी तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. 'हीन' ठरविलेली कला त्यांनी टाकून दिली नाही. शेतकरी नि मजूर रात्रभर बसून काय ऐकतो, हे त्यांना ठाऊक होते.

१०/ आता अमळनेरकडे वळू. हे प्रताप शेठजींच्या गिरणीचे गाव, साने गुरुजींनी जिथे शिकविले ते गाव. १९४६ मध्ये इथे पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्यांच्यावर अण्णा भाऊ साठे यांनी 'अंमळनेरचे अमर हुतात्मे' ही रचना केली. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले होते. इथे सुपारी मालकाच्या हातात नव्हती. कामगारांचा शाहीर कामगारांच्याच सभेत उभा राहत होता. 'कंपनीतील करमणूक' हा विषय आपण फार गुळगुळीत समजतो. गिरणगावांत तो जीवनमरणाचा होता.

११/ 'शोभा जाईल' या वाक्याचे मूळही याच काळात सापडते. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलतेचे होते. नंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत आली. 'लोकनाट्य' हे सभ्य वाटणारे नाव रूढ होण्यास या वातावरणाने बळ दिले. म्हणजे आज समितीत बसलेला तो अधिकारी नकळत पाऊणशे वर्षांपूर्वीचा सरकारी निकष बोलत होता. मात्र त्याच राज्यव्यवस्थेने पुढे विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविले.

१२/ आजचा बाजार कसा चालतो? पुणे जिल्ह्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि दूरदूरच्या गावांचे यात्रा-समितीवाले येऊन तारखा ठरवितात. चैत्रातील मोक्याची तिथी, कलावंतांची संख्या, गावाचे अंतर यांवर रक्कम ठरते. फडमालकाने हंगामापूर्वी कर्ज काढलेले असते आणि कलावंतांना 'उचल' दिलेली असते. त्यामुळे रद्द झालेली एक तारीख म्हणजे केवळ एका रात्रीचा तोटा नसतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी यात्रा बंद राहिल्या, तेव्हा अनेक कलावंतांवर मोलमजुरीची वेळ आली.

१३/ म्हणून मित्राला मी कार्यक्रमाचे नाव सुचविले नाही. चार प्रश्न लिहून पाठविले :
• समोर कोण बसणार? साहेबांचे पाहुणे, की साक्री-शिंदखेड्याहून येणारी कामगारांची कुटुंबे?
• प्रसंग कशाचा? गौरवाचा, मौजेचा की स्मरणाचा?
• निवडणाऱ्यांत ऐकणाऱ्यांपैकी कोणी आहे का?
• इसार किती, उरलेली रक्कम कधी आणि कार्यक्रम रद्द झाल्यास काय, हे लिहून दिले आहे का?

१४/ या प्रश्नांनंतर समितीने वर्कशॉपमधील दोघांना बैठकीस बोलाविले. त्यांत तो फिटरही होता. वगाची संहिता आधी वाचायला मागावी, असे त्यानेच सुचविले, कारण त्याची नातही कार्यक्रमाला येणार आहे. निर्णय अजून व्हायचा आहे. परंतु शोभा कशात आहे याची चर्चा आता ऐकणाऱ्यांसह होते आहे, आणि मला वाटते, अर्धी शोभा तिथेच राखली गेली.

१५/ तुमच्या गावच्या यात्रेत सुपारी कोण देते? पंच, तरुण मंडळ की प्रायोजक? पूर्वी कोणता फड येत असे? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. जुनी हँडबिले किंवा वर्गणीच्या वह्या घरात असतील तर त्या रद्दीत देऊ नका. गावाने काय ऐकणे पसंत केले, याचा सर्वांत खरा पुरावा त्याच कागदांत आहे.