‘ठाण्याला पाठवू का?’

डोंबिवलीत वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. मूल जरा विचित्र वागलं की घरात, वर्गात कुणीतरी म्हणायचंच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१चं. आम्ही मुलांनी ते पाहिलेलं नव्हतं, पण त्याची भीती पाठ होती. मदतीच्या आधी धाक पोचला, हाच आमच्याकडचा इतिहास.

खरं तर मुलांसाठीची वाट मुंबईत फार लवकर सापडली होती. आज ज्याला ‘टिस’ म्हणतात, त्या संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. अशा केंद्रामागची कल्पना साधी होती: डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता यांनी एका मुलाचा एकत्र बसून विचार करायचा, त्याचं घर आणि शाळाही समजून घ्यायची.

सरकारी गाडी मात्र उशिरा निघाली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. २०१७च्या कायद्याने मुलांसाठीच्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क मान्य केला, पण किमान सेवेचं माप ठेवलं ‘जिल्हा’. आता बघा, २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता: १ कोटी १० लाख! २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, तरी एकट्या कल्याण-डोंबिवली पालिकेतच २०११ मध्ये साडेबारा लाखांच्या आसपास माणसं होती.

त्यात पैशाचे खिसे वेगवेगळे. समजा, कल्याणमधल्या पालिकेच्या शाळेतल्या सातवीच्या मुलीने बोलणंच बंद केलं. शाळेतली मदत ‘समग्र शिक्षा’तून, आरोग्य तपासणी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’तून, उपचार जिल्हा कार्यक्रमातून आणि घरात मारहाण होत असेल तर संरक्षण ‘मिशन वात्सल्य’मधून. चारही ठिकाणी केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. पैसा त्याच दोन तिजोऱ्यांतला, पण खाती, फायली, अधिकारी निराळे. त्यांना जोडायचं काम शेवटी तिच्या आईवर पडतं, कामावर खाडा करून. आणि मुलगी विनाअनुदानित खासगी शाळेत असेल, तर शालेय तपासणीचं पथक तिच्यापर्यंत येतच नाही, कारण ते सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे.

२०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात साधारण आठ जण.

२०२२पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची मोफत मदत मिळते. नंबर सेव्ह करून ठेवा. पण फोन ठेवल्यावर त्या मुलीला जवळपास जायला जागाही हवी. पालिकेचं अंदाजपत्रक आलं की आपण रस्ते, पाणी शोधतो. पुढच्या वेळी मुलांच्या मनासाठी किती रुपये ठेवलेत आणि चार खात्यांना एकत्र बसवायची जबाबदारी कुणाची, हेही आपल्या नगरसेवकाला विचारू या.