थेंबाला वजन हवं

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात हेन्री पार्मली यांचा पियानोचा कारखाना होता. लाकूड, भुसा, वार्निश अशा जागेला आगीची धास्ती कायमच. १८७४ साली पार्मलींनी छताखाली पाण्याचे नळ फिरवले आणि त्यांना उष्णतेने आपोआप उघडणारी तोंडं, म्हणजे स्प्रिंकलर, बसवली. पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी ही रचना सुधारली. सिनेमात सगळी तोंडं एकदम उघडतात, तसं खरं घडत नाही. ज्या तोंडाला आच लागते तेवढंच उघडतं. आग आटोक्यात ठेवायची, बाकीचं अग्निशमन दल बघेल, एवढीच त्या स्प्रिंकलरकडून अपेक्षा होती. लाकूड, कापूस, कागद असेपर्यंत ती बहुधा पुरी व्हायची.

गोदामांच्या उंच रॅकवर प्लास्टिक आलं आणि हे गणित मोडलं. एक किलो लाकूड जळलं की साधारण १८ मेगाज्यूल उष्णता निघते, तेवढ्याच पॉलिएथिलिनमधून ४५ च्या आसपास. शिवाय ते वितळतं, ठिबकतं आणि रॅकच्या पायथ्याशी जळतं डबकं तयार होतं. उंच रॅकमधल्या मालाच्या दोन थप्प्यांतली फट धुराड्यासारखी ज्वाळा वर खेचते. त्या झोतात साध्या स्प्रिंकलरचे बारीक थेंब वाफ होऊन जातात किंवा बाजूला उडवले जातात. मग छताखाली पसरलेल्या गरम वायूने दूरदूरची तोंडं उघडतात, नळातला दाब वाटला जातो आणि आगीच्या डोक्यावर पाणी आणखी कमी पडतं. म्हणजे नळात पाणी भरपूर असूनही आग जिंकते.

या कोड्यावर खरं काम केलं ते फॅक्टरी म्युच्युअल या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने. ऱ्होड आयलंडमधल्या वेस्ट ग्लोस्टर इथे तिने खऱ्या उंचीचे रॅक उभारून जाळायला सुरुवात केली. प्रत्येक चाचणी दुसरीशी ताडून बघता यावी म्हणून जाळायचा मालही ठरवून दिला: पुठ्ठ्याचं खोकं, आत कप्पे आणि कप्प्यांत पॉलिस्टायरिनचे १२५ पेले. प्लास्टिकच्या गोदामांचे कितीतरी नियम या पेल्यांच्या राखेतून आले आहेत.

चेंग याओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच नव्याने मांडला. जळत्या मालावर किती पाणी पडायला हवं आणि झोत भेदून प्रत्यक्षात किती पोचतं? पोचणारं पाणी लागणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त भरलं, तर आग नुसती आटोक्यात राहत नाही, दबते. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच आहे.

उत्तर म्हणून जन्मलेल्या स्प्रिंकलरला दोन कुळं आहेत. गोदामांसाठी सत्तरच्या दशकात घडवलेल्या स्प्रिंकलरकडून त्याने जड, मोठा थेंब घेतला. घरातली माणसं वाचवण्यासाठी बनवलेल्या स्प्रिंकलरकडून चपळाई घेतली. तोंड किती लवकर तापून उघडतं हे मोजायचं माप गुन्नर हेस्केस्टाड यांनी आधीच बसवून दिलं होतं. ऐंशीच्या दशकात हे दोन गुण मिळून ईएसएफआर, म्हणजे चटकन उघडून आग लवकर दाबणारा स्प्रिंकलर तयार झाला.

त्याचा हिशेब साध्या स्प्रिंकलरहून फार वेगळा आहे. ९ मीटर छताखाली खोक्यांतलं प्लास्टिक साडेसात मीटरपर्यंत रचायचं असेल, तर के-२०० मापाच्या (हा आकडा तोंडातून किती पाणी जातं ते सांगतो) तोंडाला सुमारे साडेतीन बार दाब लागतो. एकेक तोंड मिनिटाला ३७५ लिटर सोडतं. अशी १२ तोंडं एकदम चालतील असं धरायचं, म्हणजे मिनिटाला साडेचार हजार लिटर.

पण हा गडी फार नाजूक अटींवर काम करतो. छताचा उतार जास्त झाला, तोंडाखाली तुळई किंवा हवेचा डक्ट आला, की फवारा तुटतो. उघडे क्रेट वरचं पाणी स्वतःतच साठवतात. थप्प्यांमधली फट मालाने बुजली तर पाणी खाली उतरणार कुठून?

भिवंडीसारख्या ठिकाणी गोदाम एकाचं, भाडेकरू दुसरा आणि माल दर हंगामाला वेगळा. छताचे नळ मात्र पहिल्या मालाच्या हिशेबाने घातलेले असतात. गोदाममालकांनो, कापडाच्या जागी प्लास्टिक येणार असेल, रॅकचा एखादा मजला वाढणार असेल, तर पहिला ट्रक उतरवण्याआधी स्प्रिंकलरचा हिशेब जाणकार अभियंत्याकडून नव्याने करून घ्या आणि पंप तेवढा दाब देतो का, तेही समोर उभं राहून बघा.