एका तारेची दोन टोकं : बंदूक, कॅमेरा आणि आमचं रान

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी तारेचं एक गंजकं भेंडोळं घेऊन गेलो होतो. सगळे हसले. नाणी, मोडीतली कागदपत्रं, वीरगळांचे फोटो यांच्यात हे कुठून आलं, असं एकानं विचारलंसुद्धा. त्याचं उत्तर तेव्हा नीट देता आलं नाही, म्हणून हे टिपण.

हे भेंडोळं खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पुढच्या आमच्या गावच्या घराच्या माळ्यावर सापडलं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. डोळे अधू झाले म्हणून त्यांनी शिकार सोडली, असं आमच्या घरात सांगत. आम्हीही तेच पुढं सांगत आलो.

तारेचं काम सोपं होतं. भाताच्या कडेला रानडुकरांची जी वाट असते, तिच्या बाजूला दोन खुंट्यांवर बंदूक बांधायची. वाटेवर आडवी बारीक तार ताणायची आणि तिचं टोक चापाला अडकवायचं. जनावर तारेला लागलं की बार उडे. राखणीला रात्रभर माळ्यावर बसायला नको. पण तारेला काय लागलं, हे तारेला कळत नाही. या पद्धतीतला धोका नेमका हाच.

आता याच तारेचं दुसरं टोक बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जॉर्ज शिरास नावाचा शिकारी वकील सरोवराकाठी हरणांचे रात्रीचे फोटो घेऊ लागला. वाटेवर दोरी ताणायची, जनावरानं ती ओढली की झगझगाट व्हायचा आणि फोटो निघायचा. म्हणजे जनावर स्वतःच स्वतःचा फोटो काढायचं. जुलै १९०६ च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये त्याचे ७४ फोटो छापले गेले.

आपल्याकडे त्या काळात वारं उलटं होतं. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२० साली वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शिका लिहिली. संस्थानिक आणि साहेब यांच्या दृष्टीनं वाघाचा फोटो म्हणजे मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो. अशा वेळी संयुक्त प्रांतातला वन अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन शिवालिकच्या रानात तारा बांधत होता. त्याच्या तारेच्या टोकाला बंदूक नव्हती. तार ओढली की मॅग्नेशियमची पूड पेटे आणि कॅमेऱ्याचं शटर उघडे. फोटो रात्रीतून एकच. तो सशानं वाया घालवला की दुसऱ्या रात्रीपर्यंत वाट बघायची. १९२७ साली त्याचं वाघांच्या फोटोंचं पुस्तक आलं. पट्ट्यांवरून वाघ वेगवेगळे ओळखता येतात, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

यातली खरी विद्या शिकाऱ्याचीच आहे. वाघ दाट झाडीपेक्षा मोकळ्या वाटेनं, कोरड्या ओढ्यातून चालतो. जनावर पाण्यावर कधी उतरतं, वारा कुठून वाहतो, तार किती उंचीवर हवी, हे सगळं बंदूकवाल्याला आधी माहीत होतं.

हे वाचून मला चेव आला. गावी आमची काजूची बाग आहे. ओढ्याला लागून असलेल्या तिच्या कोपऱ्यात मी जुना डिजिटल कॅमेरा ठेवला आणि चॅम्पियनसारखी आडवी तार बांधायला घेतली. शेजारचे मामा गुरं घेऊन चालले होते. ते थांबले. तारेकडं बघत राहिले.

"काय गुरुजी, तुमीबी आज्यागत तार बांधलासा व्हय?"

मी म्हटलं, "मामा, ही फोटोची तार. बंदूक नाही."

मामा बांधावर बसले, धोतर वर सरकवलं आणि पोटरी दाखवली. सुपारीएवढे तीन खळगे. दहा-अकरा वर्षांचे असताना चुकलेली म्हैस शोधायला पहाटे निघाले आणि आमच्या आजोबांच्या तारेला लागले. आजोबांनीच त्यांना खांद्यावर घालून बैलगाडीपर्यंत नेलं. त्या दिवसापासून बंदुकीला हात लावला नाही. "डोळं कशाचं अधू? म्हातारा शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत हुता की!"

आमच्या घरची गोष्ट खोटी निघाली आणि ती मला खुद्द मामांकडून कळली. मी तार सोडली.

नंतर जे केलं ते बिनतारी. बाजारात मिळणाऱ्या रात्रीच्या दिव्यात पीआयआर नावाचा सेन्सर असतो. समोरून उबदार शरीर हललं की त्याला उष्णतेतला फरक कळतो. तो काढून छोट्या सर्किटला जोडला. कॅमेऱ्याच्या बटणावर दोन बारीक वायरी सोल्डर केल्या आणि सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं. पहिल्या आठवड्यात फोटो आले ते हलणाऱ्या पानांचे. उन्हानं तापलेलं पान वाऱ्यानं हललं की सेन्सर फसतो. कॅमेरा जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेई, तोवर जनावर पुढं गेलेलं असे. डब्यात मुंग्यांनी घर केलं. पाऊस सुरू होताच काचेला आतून धुकं धरलं.

शेवटी मामाच म्हणाले, "वाट हितनं न्हाई. ओढ्याच्या अंगानं बांधा, वाटंला तिरकं." तिरक्या कोनात जनावर चौकटीत जास्त वेळ राहतं. कॅमेरा जागा होईपर्यंत ते निसटत नाही. पुस्तकं वाचून मला जे जमलं नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तिसऱ्या रात्री साळिंदर आलं, पाचव्या रात्री भेकर.

हा नुसता छंद नाही, हे सांगायला हवं. डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून, त्यांची संख्या शास्त्रीय रीतीनं काढली. पुढं देशभर तीच रीत आली. २०१८-१९ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे साडेतीन कोटी फोटो निघाले. पावलांच्या ठशांवरून मोजण्याचे दिवस संपले. आमचं भीमगड, पलीकडचं म्हादई आणि खालचं काळी हे एकाला एक लागलेलं रान आहे. राज्यांच्या हद्दी वाघाला कळत नाहीत. पण फोटोनं वाघ वाचतोच असं नाही. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात चार वाघ विषबाधेनं मेलेले सापडले. आपलं गुरू गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं, ते कॅमेऱ्यात येत नाही. ते बांधावर बसून ऐकावं लागतं.

कुणाला असा कॅमेरा करावासा वाटला, तर तो स्वतःच्या जमिनीतच लावा. अभयारण्यात किंवा राखीव रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावू नका. आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या वाटेवर रोखू नका.

भेंडोळं आता मंडळाच्या संग्रहात जमा करतो आहे. सोबत भेकराचा फोटो आणि मामांनी सांगितलेली हकीकत, त्यांना वाचून दाखवून त्यांच्या अंगठ्यासह. नोंदवहीत वस्तूच्या नावापुढं 'शिकारीची तार' एवढंच लिहू नये, ही विनंती. ती कुणाला लागली, तेही लिहावं.