स्विच की पॅटर्न मॅचिंग? एखादी शक्यता लिहायची राहिली तर कोणती भाषा सांगते?

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतल्या 'एटी अँड टी' कंपनीची लांब पल्ल्याची टेलिफोन सेवा सुमारे ९ तास विस्कळीत झाली होती. कारण निघालं, सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये 'स्विच'च्या आत चुकीच्या जागी पडलेला एक 'ब्रेक'!

स्विच म्हणजे काय?

अनेक पर्यायांतून एक निवडण्याची सोय. समजा, एका पेमेंट ॲपमध्ये व्यवहाराच्या तीन स्थिती आहेत: यशस्वी, अयशस्वी आणि प्रलंबित. कोणता मेसेज दाखवायचा, हे स्विच ठरवतं. सीमध्ये प्रत्येक पर्यायाच्या शेवटी 'ब्रेक' लिहावा लागतो. तो राहिला, तर प्रोग्राम थेट पुढच्या पर्यायात शिरतो. म्हणजे 'यशस्वी'च्या पाठोपाठ 'अयशस्वी'चा मेसेजही येऊ शकतो. जावा आणि जावास्क्रिप्टनेही हीच पद्धत घेतली. गो भाषेत मात्र ब्रेक लिहावा लागत नाही.

स्विच एक्स्प्रेशन वेगळं कसं?

ते थेट एक उत्तर परत देतं. जावामध्ये ही सोय १४व्या आवृत्तीत, मार्च २०२० मध्ये पक्की झाली. यात बाणाचं चिन्ह वापरलं की ब्रेकची गरज उरत नाही.

आणि पॅटर्न मॅचिंग?

यात व्हॅल्यूसोबत माहितीची रचनाही तपासली जाते. 'पेमेंट यशस्वी असेल, तर त्यातली रक्कम काढून दे' हे एकाच ओळीत लिहिता येतं. एमएल, हास्केल या भाषांत ते जुनंच आहे. पायथनमध्ये ते ऑक्टोबर २०२१ मध्ये (३.१०) आलं, तर जावाच्या स्विचमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये (आवृत्ती २१) पक्कं झालं.

खरा फरक कुठे?

उद्या 'रिफंड' ही चौथी स्थिती आली आणि ती कोडमध्ये लिहायची राहिली, तर?

• रस्ट: प्रोग्राम कंपाइलच होत नाही. कोणती शक्यता राहिली, तेही कळतं.
• जावा: स्थितींची यादी 'इनम'मध्ये असेल, तर स्विच एक्स्प्रेशन एरर देतं. जुन्या पद्धतीचं स्विच गप्प राहतं.
• सी शार्प: स्विच एक्स्प्रेशन असेल, तर आधी फक्त इशारा मिळतो. प्रोग्राम चालताना ती स्थिती आली की एरर येते.
• पायथन: काहीच न सांगता प्रोग्राम पुढे जातो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शेवटी 'बाकी सगळ्यांसाठी हे करा' असा सरसकट पर्याय लिहिला, तर रस्टही गप्प बसतो. 'रिफंड' त्या 'बाकी'त जातो आणि ग्राहकाला भलताच मेसेज दिसतो.