गुराख्याची झोपडी ते पाहुण्यांचं घर

मागच्या बैठकीत आमच्या गटात एक विषय निघाला. घरातली एखादी खोली सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यावी का? एक काकू लगेच म्हणाल्या, "आपल्या साध्या घरात कोण येतंय राहायला?" म्हणून आज आम्ही तुम्हाला एका साध्या घराचीच गोष्ट सांगणार आहोत. हे घर आहे युरोपातल्या आल्प्स पर्वतातलं. त्याला म्हणतात शॅले.

आज शॅले म्हटलं की बर्फावर स्की खेळायला आलेली कुटुंबं, शेकोटी आणि लाकडी माडी डोळ्यांपुढे येते. पण मुळात शॅले म्हणजे गुराख्याची झोपडी. उन्हाळा लागला की गावातली गुरं वरच्या कुरणांवर न्यायची, तीन-चार महिने तिथंच राहायचं, दूध काढायचं आणि मोठ्या तांब्याच्या कढईत चीज करायचं. दूध खाली गावात नेईपर्यंत टिकत नसे, चीज मात्र वर्षभर टिके. थंडी पडली की माणसं आणि गुरं खाली परतत. ऑस्ट्रियात हे काम बऱ्याच ठिकाणी बायका करायच्या. अशा बाईला 'झेनरिन' म्हणत. गुरं, दूध, चीज, सगळा कारभार तिच्या हातात.

घर बांधायचं ते जवळ मिळेल त्यातून. खाली दगडी जोतं, वर लाकडाचे ओंडके, छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं, म्हणजे बर्फ-पावसानं लाकूड कुजत नाही. स्वित्झर्लंडच्या वाले भागात तर धान्याची कोठारं लाकडी खांबांवर उभी करत आणि प्रत्येक खांबावर एक गोल सपाट दगड ठेवत. उंदीर खांब चढला तरी त्या दगडाला वळसा घालून वर जाता येत नसे. ही अक्कल शाळेत शिकलेली नव्हती, अनुभवाची होती.

मग शहरी माणसांची नजर या घरांकडे वळली. रूसो या लेखकाची १७६१ मध्ये आलेली कादंबरी खूप वाचली गेली, आणि शॅले हा शब्द आल्प्सबाहेर पोचला. आधी लोक फक्त उन्हाळ्यात येत. सेंट मॉरिट्झ गावच्या बाडरुट नावाच्या हॉटेलमालकानं १८६४ मध्ये इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असं सांगतात: हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर खर्च माझा! पाहुणे आले आणि रमले. पुढे नॉर्वेकडून स्की आली. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या शामोनी गावात पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. त्याच दशकात नोएमी द रॉथशिल्ड या बाईंनी मेजेव्ह गावाला स्कीचं ठिकाण बनवायचं मनावर घेतलं. ल मेम या वास्तुकारानं तिथल्या शेतकऱ्यांच्या घरांवरून स्की खेळणाऱ्यांसाठी नव्या धर्तीचे शॅले बांधले. गरिबाच्या घराचा नमुना श्रीमंतांच्या सुट्टीचं घर झाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या डोंगरी गावांत घरोघरी 'खोली रिकामी आहे' अशा पाट्या लागल्या. अंथरुणं घालणं, न्याहारी करणं, हिशेब ठेवणं, हे बहुतेक घरच्या बाईनंच केलं. तिथं घरच्याच माणसांनी चालवलेल्या, दहा खाटांपर्यंतच्या खोल्यांना वेगळा धंद्याचा परवाना लागत नाही. शेतीला जोड मिळाली, आणि गाव सोडून जायची वेळ अनेकांवर आली नाही.

पण मैत्रिणींनो, नाण्याला दुसरी बाजूही आहे. बाहेरच्यांनी जमिनी घेऊन सुट्टीची घरं बांधली. ती वर्षातले कितीतरी महिने कुलूपबंद. जमिनीचे भाव चढले, आणि गावातल्याच तरुण जोडप्यांना गावात घर परवडेना. शेवटी २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये देशभर मतदान झालं. ज्या गावात सुट्टीची घरं २० टक्क्यांहून जास्त, तिथं नवीन बांधायची नाहीत, असं थोड्या मतांच्या फरकानं ठरलं. काही अपवाद आहेत, पण लगाम लागला. आणि ऐका, त्या देशात बायकांना देशाच्या मतदानाचा हक्क मिळाला तो १९७१ मध्ये! आपल्याकडे १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनी मत दिलं होतं.

काकूंना आम्ही एवढंच सांगितलं: घर साधं आहे याची लाज नको. खोली द्या, भाकरी वाढा, पैसे गटाच्या वहीत मांडा. पण जमीन विकायची घाई करू नका. पाहुणा आला-गेला तरी घराची किल्ली आपल्याच कनवटीला राहिली पाहिजे.